माझ्या चिन्हाचा रंग कोण ठरवणार?

(पोलादपूर येथे बचत गटांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



सकाळी तुम्हा प्रत्येकीला एक कागद आणि रंगखडूंची पेटी दिली, तेव्हा बऱ्याच जणी हसलात. "ताई, आता या वयात चित्रं काढायची का?" असंही कुणी म्हणालं. काढायचं आहे ते चित्र म्हणजे स्वतःचं मानचिन्ह. नवऱ्याचं, गावाचं किंवा गटाचं नाही, स्वतःचं. आकार काढायला फार वेळ लागत नाही. कुणी विळा काढते, कुणी नाचणीचं कणीस, कुणी शिलाई मशीन. घोडं अडतं ते रंगापाशी, म्हणून आज रंगांविषयीच बोलणार आहे.

मागच्या एका शिबिरातली गोष्ट सांगते, नाव सांगत नाही. एका काकींनी सुंदर रोप काढलं, भाताच्या लावणीचं. सगळ्यांची चित्रं रंगली, पण यांचं रोप कोरंच. मी हिरवा खडू पुढे केला. त्यांनी हात मागे घेतला. म्हणाल्या, "मला हिरवा चालत नाय गो. मालक जाऊन सहा वर्षं झाली." शेतात उभा जन्म हिरव्यात गेलेली बाई, आणि कागदावर हिरवा चालत नाही! त्या दिवशी मला उत्तर सुचलं नाही. नंतर विचार करत गेले, तो आज तुमच्यापुढे मांडते.

मानचिन्हाची पद्धत युरोपातली, बाराव्या शतकाच्या सुमाराची. चिलखतात तोंड झाकलेला सरदार ओळखू यावा म्हणून ढालीवर खूण रंगवायचे. रंग मोजकेच: लाल, निळा, काळा, हिरवा, जांभळा आणि सोनं-चांदी, म्हणजे पिवळा आणि पांढरा. नियम असा की गडद रंगावर गडद नको आणि फिक्यावर फिका नको. कारण साधं आहे, लांबून दिसलं पाहिजे. आपल्या रिक्षाच्या पिवळ्या पाटीवर काळे आकडे असतात, तोच हिशोब.

आता बायकांचं काय? बाई लढाईला जात नाही म्हणून तिला ढाल नाही. तिचं चिन्ह पत्त्यातल्या चौकटसारख्या तिरप्या आकारात. ते चिन्हही बापाचं. लग्न झालं की ते नवऱ्याच्या ढालीत अर्धी जागा घेऊन बसायचं. नवरा गेला की पुन्हा चौकट. म्हणजे ही बाई कुमारिका, सवाशीण की विधवा, हे चिन्हावरून कळायची सोय तिकडेही होती. आपण हसायला नको. आपल्याकडे देवक असतं. लग्न झालं की माहेरचं देवक सुटतं, सासरचं लागतं. बाईचं स्वतःचं कुठलं?

राजेरजवाड्यांचंही फार वेगळं नव्हतं. १८७७ च्या दिल्ली दरबारात इंग्रजांनी संस्थानिकांना विलायती धाटणीची मानचिन्हं असलेली निशाणं दिली. ती चिन्हं बेतणारा होता रॉबर्ट टेलर नावाचा एक इंग्रज अधिकारी. ज्याच्या हाती सत्ता, त्याच्या हाती रंगाची पेटी. आपल्या आज्यांच्या वाट्याला सरकारदरबारी एकच चिन्ह आलं, अंगठा. आणि त्याचा रंगही कचेरीतल्या शाईच्या डबीचा!

म्हणून म्हणते, रंग निवडणं ही हौस नाही. "हा रंग तुला चालतो, हा चालत नाही" असं आपल्याला जन्मभर कुणीतरी सांगत आलेलं आहे. तो अर्थ रंगातच असतो का? बघूया.

लाल म्हणजे कुंकू, म्हणजे सौभाग्य. पण ब्राह्मण घरांत विधवेचं केशवपन करून तिला जे आलवण नेसवत, तेही तांबडंच होतं. कपाळावरचा तांबडा पुसायचा आणि अंगभर तांबडा गुंडाळायचा! पांढरा आपल्याकडे शोकाचा, युरोपात नवरीचा. हिरवा चुडा सवाशिणीचा, आणि तोच हिरवा झेंड्यावर दिसला की काहींच्या कपाळाला आठी पडते. मानचिन्हांच्या जाणकारांचंही म्हणणं असंच आहे. लाल म्हणजे शौर्य, निळा म्हणजे निष्ठा, हे अर्थ मागाहून पुस्तकं लिहिणाऱ्यांनी चिकटवले. अर्थ माणसांनी लावले असतील, तर माणसांना ते बदलताही येतात.

आणि बदलतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला की नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हा कित्ता गिरवायला सांगितलं. परिपत्रकाने रूढी एका दिवसात जात नाही, हे आपण रोज बघतो. पण आता गावात बोलायला हातात कागद आहे.

आपल्या भागाला तर हे नवं नाही. डिसेंबर १९२७ मध्ये इथून जवळच, महाडला, मनुस्मृतीचं दहन झालं. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेब बायकांशी स्वतंत्र बोलले. अंगावरच्या ज्या खुणांवरून तुमची जात ओळखू येते त्या टाका, लुगडं नेसण्याची पद्धत बदला, असं त्यांनी सांगितलं. लुगडं कसं नेसायचं, दागिना कुठला घालायचा, हा माणुसकीच्या हक्काचा प्रश्न आहे, हे त्यांनी ओळखलं होतं.

इथे एक अवघड गोष्ट बोलायलाच हवी. एका गटाच्या पाटीचा रंग ठरवण्यात तीन बैठका गेल्या. निळा म्हटलं की एकीकडे कुजबुज, भगवा म्हटलं की दुसरीकडे. शेवटी कुणीतरी म्हणालं, "जाऊ दे, गुलाबी करा, भांडण नको." मी गुलाबीच्या विरोधात नाही. पण बायकांनो, भांडण मिटलं का? रायगडाच्या पायथ्याच्या आणि तानाजींच्या उमरठच्या बायांना भगवा आपला वाटणार. चवदार तळ्याच्या गावच्या बायांना निळा आपला वाटणार. यात चूक काहीच नाही. चूक तेव्हा होते, जेव्हा एकीला दुसरीचा रंग विचारायचीही भीती वाटते. आधी विचारा, "तुला हा का हवा?" तिची गोष्ट ऐका. मग गुलाबी ठरला तरी चालेल. तो निवडलेला असेल, पळवाट म्हणून घेतलेला नसेल.

इंग्लंडमध्ये मताचा हक्क मागणाऱ्या बायकांच्या एका मोठ्या संघटनेने १९०८ साली ठरवून तीन रंग घेतले: जांभळा, पांढरा, हिरवा. जांभळा स्वाभिमानाचा, पांढरा निर्मळपणाचा, हिरवा आशेचा. अर्थ त्यांनी स्वतः लावला आणि जाहीर केला. आपल्याकडे १४ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्री संविधान सभेत भारतातल्या स्त्रियांच्या वतीने राष्ट्रध्वज अर्पण केला तो हंसा मेहता यांनी. देशाचा झेंडा ज्या हातांनी सुपूर्द केला, त्या हातांना स्वतःच्या कागदावर रंग भरायला परवानगी कुणाची हवी?

आता कामाचं बोलते. रंग दोन घ्या, फार तर तीन. एक गडद, एक फिका. कागद भिंतीला लावून दहा पावलं मागे जा, दिसतं का बघा. उद्या रबरी शिक्का करायचा झाला तर एकाच शाईत उठेल का, तेही बघा. खडू आवडत नसेल तर हळद, गेरू, नीळ, काजळी घ्या, ते आपलेच आहेत. आणि मागच्या बाजूला एक ओळ लिहा, हा रंग मी का घेतला. लिहिता येत नसेल तर शेजारणीला सांगा, ती लिहील. एखादा रंग टाळला असेल, तर तो कुणी टाळायला लावला, तेही लिहा. संध्याकाळी चर्चा त्या ओळींवर करू.

त्या काकींचं राहिलं. दुपारी जेवताना त्यांनी पदर सावरला तेव्हा हातावरचं गोंदण दिसलं. शेजारची बाई सहज म्हणाली, "काकी, बांगड्या काढल्यात, पण हे हिरवं कुणाला काढता आलं नाय बघा." काकी गोंदणाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे आईनं गोंदवलेलं. लग्नाच्या आधीचं." दुपारच्या सत्रात त्यांनी खडू माझ्याकडे मागितला नाही. पेटी स्वतःच ओढून घेतली आणि रोप रंगवलं. रेघेच्या बाहेर जाईपर्यंत रंगवलं.

घरी गेल्यावर काय झालं, मला ठाऊक नाही. हातात बांगड्या नसतीलही घातल्या. पण तो कागद त्या घेऊन गेल्या, आम्हाला भिंतीवर लावायलाही दिला नाही.

चला, पेट्या उघडा.