म्हाताऱ्यांची सेवा शिकून करावी
(साक्षरता वर्गात दिलेले भाषण)



तुमच्या गावची कितीतरी माणसे पुण्यात कामाला जातात. कुणी धुणीभांडी करते, कुणी बांधकामावर जाते. कुणी बाई एखाद्या म्हाताऱ्या माणसाजवळ बारा तास बसते. या शेवटच्या कामाबद्दल मला आज बोलायचे आहे.

हे काम वाढत जाणार. २०११ सालच्या जनगणनेत आपल्या देशात साठीच्या पुढची माणसे १० कोटींहून जास्त भरली. लेक-सून परगावी, नाहीतर परदेशी. घरात म्हातारा-म्हातारी दोघेच. त्यांना माणूस लागतो.

पण नुसते माणूस जवळ बसून भागत नाही. अंथरुणाला खिळलेल्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. नाहीतर पाठीला, कमरेला जखमा होतात, आणि त्या लवकर भरत नाहीत. आडवे निजवून पाणी पाजले तर ते श्वासनळीत जाऊ शकते. विसराळू झालेली आजी एकच गोष्ट दहादा विचारते. तिच्यावर ओरडून काय उपयोग? औषधाचे नाव आणि तारीख वाचावी लागते. बघा, इथे तुमची बाराखडी कामाला येते!

एका गृहस्थांनी मला विचारले, "गुरुजी, आमच्या लेकीने परक्याची घाण काढायची का?" पुण्याला हा प्रश्न नवा नाही. १९०९ साली रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी पुण्यात सेवासदन काढले. मोठ्या वयाच्या बायका तिथे शिकायला येत. त्यांत विधवाही होत्या. काहीजणी ससून रुग्णालयात रोग्यांची शुश्रूषा शिकल्या. परक्या पुरुषाला हात लावायचा, वाटेल त्या जातीच्या रोग्याचे करायचे! लोकांनी नाके मुरडली. पण त्या बायका आपल्या पायांवर उभ्या राहिल्या. आज नर्सबाईला सगळे मान देतात. म्हाताऱ्यांचे करणाऱ्या बाईला मात्र अजून 'कामवाली'च म्हणतात, आणि पगारही तसाच. मला हे मुळीच पटत नाही.

यावर उपाय शिक्षणाचा. रुग्णसेवेचे काही महिन्यांचे वर्ग असतात. तिथे उचलणे, बसवणे, अंग पुसणे शिकवतात. पुढे जायचे असेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून घरी अभ्यास करून दहावी, बारावी देता येते. बारावीनंतर एएनएम दोन वर्षांचे, जीएनएम तीन वर्षांचे. वयाची अट असते, म्हणून तरुण लेकी-सुनांनी उशीर करू नये.

नाव घालण्याआधी विचारा : फी किती? दवाखान्यात प्रत्यक्ष काम शिकवता का? दाखला कोणाच्या सहीचा? काम लावून देणाऱ्या ब्युरोलाही विचारा, पगारातून तुम्ही किती कापता? सुट्टी कधी? ते कागद पुढे करतील. तो घरी आणा. अडेल तो शब्द पेन्सिलीने खुणा करून वर्गात घेऊन या. आपण सगळे मिळून वाचू, मग सही करा.