सोर नगरी आणि यहेज्केलचं भाकीत

आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावर सोर ही फिनिशियन व्यापाऱ्यांची गडगंज नगरी होती. बायबलमधला संदेष्टा यहेज्केल म्हणतो, लाटांमागून लाटा याव्यात तशी राष्ट्रं सोरवर चालून येतील. तिचे दगड, लाकडं, माती पाण्यात जाईल, आणि उघड्या खडकावर कोळी जाळी पसरतील.

बाबेलच्या राजा नबुखद्नेस्सरानं सोरला तेरा वर्षं वेढा घातला. पण मुख्य शहर बेटावर, किनाऱ्यापासून जेमतेम पाऊण किलोमीटरवर! ते काही लुटता आलं नाही. इ.स.पू. ३३२ मध्ये सिकंदर आला. जहाजं अपुरी, म्हणून त्यानं किनाऱ्यावरची जुनी वस्ती पाडली आणि तिचे दगड-लाकडं समुद्रात लोटून थेट बेटापर्यंत भराव घातला. सात महिन्यांत शहर पडलं. पुढे भरावाभोवती वाळू साचत गेली नि बेट किनाऱ्याला कायमचं जोडलं गेलं.

श्रद्धावंत इथे भाकिताची पूर्तता पाहतात. चिकित्सक म्हणतात, भाकीत पुरतं खरं ठरलं नाही; सोर पुन्हा वसलं, आजही नांदतं आहे. मला विशेष वाटतो तो यहेज्केलचा प्रांजळपणा. नबुखद्नेस्सराच्या सैन्याला सोरच्या वेढ्यातल्या मेहनतीचा मोबदला मिळाला नाही, त्याबदल्यात नबुखद्नेस्सराला मिसर (इजिप्त) मिळेल, असं पुढे यहेज्केलच्याच ग्रंथाच्या २९व्या अध्यायात नोंदवलेलं आहे.