आकाशाचा अर्ज भरण्यापूर्वी

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त हैदराबाद येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर. वक्ते शाळेचे माजी विद्यार्थी व हवाई दलाचे सेवानिवृत्त हेलिकॉप्टर वैमानिक आहेत.)



हीरक महोत्सवाच्या समारंभात माजी विद्यार्थ्याने आपल्या वेळच्या शाळेच्या आठवणी सांगाव्यात, असा प्रघात आहे. तो मोडल्याबद्दल प्रथमच क्षमा मागतो. आजचा वेळ मला एका प्रश्नासाठी द्यावयाचा आहे. निवृत्तीनंतर या शहरातील मराठी घरांतून तो मला वारंवार विचारला जातो. विचारणारी सहसा आई किंवा वडील असतात आणि मुलगा अथवा मुलगी शेजारी गप्प बसलेली असते. प्रश्न असा : ‘‘हिला हवाई दलात वैमानिक व्हायचे आहे. आम्ही हो म्हणावे का?’’

या प्रश्नात दोन प्रश्न गुंतलेले आहेत. हे शक्य आहे का, हा पहिला. आणि शक्य असले तरी ते इष्ट आहे का, हा दुसरा. आपल्या घरांतून बहुधा दुसऱ्या प्रश्नावर वाद होतो आणि पहिल्याची चौकशी राहून जाते. मी आधी पहिल्याकडे वळतो.

पहिला दरवाजा दहावीनंतर लगेच येतो, आणि तो बंद होताना आवाजही होत नाही. आपल्या तेलंगणात दहावीचा निकाल लागला की घराघरांत ‘एमपीसी की बायपीसी’ अशी चर्चा सुरू होते. ज्याला वैमानिक व्हायचे आहे, त्याला बारावीपर्यंत गणित आणि भौतिकशास्त्र हे दोन्ही विषय हवेत. बायपीसी घेतलेल्या हुशार विद्यार्थिनीने पुढे जीवशास्त्रात पदवी मिळवून उड्डाण शाखेसाठी अर्ज करायचे ठरवले, तर बारावीचे गणित नसल्यामुळे तो अर्ज मान्य होत नाही. पंधराव्या वर्षी घेतलेला निर्णय बाविसाव्या वर्षी असा आडवा येतो. म्हणून शंका असेल तोवर गणित सोडू नये, एवढे मी आग्रहाने सांगेन.

दुसरा दरवाजा डोळ्यांचा. उड्डाण शाखेचे दृष्टीचे निकष कडक आहेत आणि रंगांधळेपणाला तेथे सवलत नाही. पदवीनंतरच्या उमेदवारांना चष्मा घालवण्यासाठी केलेली लेझर शस्त्रक्रिया काही अटींवर चालते. त्या अटींतील एक अशी, की शस्त्रक्रिया वयाच्या विसाव्या वर्षापूर्वी झालेली नसावी. एनडीएला प्रवेशाची वयोमर्यादा साडेसोळा ते साडेएकोणीस वर्षांची आहे, तेव्हा त्या मार्गाने जाणाऱ्याला या सवलतीचा काडीचाही उपयोग नाही, हे आपल्या लक्षात येईल. उंची किमान १६२.५ सेंटिमीटर लागते. पायांची आणि मांडीची लांबी, बसल्यावरची उंची, हेही मोजले जाते, कारण माणसाला विमानाच्या आसनात मावायचे असते आणि संकटात त्या आसनासह बाहेर फेकले जाताना गुडघे शाबूत राहायला हवे असतात. यात कोणाचा गुण नाही आणि दोषही नाही. परंतु तीन वर्षे शिकवणीला पैसे भरून मग वैद्यकीय तपासणीत रंगदृष्टीचा दोष कळावा, यासारखे दुःख नाही. नेत्रतज्ज्ञाकडे अर्धा तास गेल्यास ते आठवीतच कळते.

आता मार्ग पाहू. बारावीनंतर पुण्याजवळच्या खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, म्हणजेच एनडीए. तिची परीक्षा केंद्रीय लोकसेवा आयोग वर्षातून दोनदा घेतो. गणिताचे ३०० आणि सामान्य क्षमतेचे ६०० असे ९०० गुण लेखी परीक्षेला, आणि तितकेच ९०० निवड मंडळाच्या चाचण्यांना. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ सालच्या आदेशानंतर ही परीक्षा मुलींनाही खुली झाली. २०२२ मध्ये पहिल्या मुली खडकवासल्यात दाखल झाल्या आणि २०२५ च्या मे महिन्यात त्यांनी दीक्षान्त संचलन केले. पदवीनंतर आयोगाचीच सीडीएस परीक्षा आहे, हवाई दलाची स्वतःची ‘एएफकॅट’ आहे, आणि एनसीसीच्या हवाई शाखेचे ‘सी’ प्रमाणपत्र असणाऱ्यांसाठी वेगळा प्रवेश आहे.

मराठी माध्यमाचे काय, हा प्रश्न मला या सभागृहात टाळता येणार नाही. एनडीएची प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असते. सामान्य क्षमतेच्या ६०० गुणांपैकी २०० इंग्रजीचे असतात. आकाशातील संभाषण इंग्रजीत चालते. तेव्हा इंग्रजी हवीच. मात्र ती साधी, स्पष्ट, नेमकी अशी हवी, अलंकारिक नको. आपल्या शाळेतील मूल घरी मराठी, वर्गात मराठी, रस्त्यावर तेलुगू, दुकानात दखनी आणि दूरदर्शनवर हिंदी ऐकत वाढते. ज्याला चार भाषांत वावरण्याची सवय आहे, त्याला पाचवी जड जाऊ नये. जड जातो तो संकोच. आणि संकोच निवड मंडळाला इंग्रजीतील चुकांपेक्षा आधी दिसतो.

निवड मंडळाच्या चाचण्या सुमारे पाच दिवस चालतात. पहिल्या दिवशी चाळणी होते आणि बरेच जण त्याच दिवशी परततात. उरलेल्यांना चित्रे दाखवून प्रत्येकावर चार मिनिटांत गोष्ट लिहायला सांगतात. साठ शब्द दाखवतात आणि दर पंधरा सेकंदांत मनात आलेले वाक्य लिहून घेतात. मैदानावर दोऱ्या, फळ्या आणि पिंपे देऊन गटाला अडथळा पार करायला लावतात. हे सर्व पाठ करून घेणारे वर्ग आता गावोगावी निघाले आहेत. स्वरूप समजून घेण्यापुरता त्यांचा उपयोग आहे. पण पंधरा सेकंदांत साठ वेळा खोटे बोलणे कठीण असते, म्हणून तर ती पद्धत योजलेली आहे. ज्या मुलाने घरात कधी जबाबदारी घेतली नाही, गॅसचा नंबर लावला नाही, आजीला दवाखान्यात नेले नाही, त्याच्याजवळ लिहायला काय असणार?

यानंतर येते वैमानिकीच्या कलाची चाचणी. हात, पाय, डोळे आणि कान एकाच वेळी वेगवेगळी कामे करू शकतात का, हे ती संगणकावर तपासते. तिचा नियम सर्वांनी नीट ऐकावा : ही चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. लेखी परीक्षा वय असेपर्यंत पुन्हा देता येते, निवड मंडळापुढेही पुन्हा जाता येते. येथे मात्र नापास झालेल्याला उड्डाण शाखेचा मार्ग कायमचा बंद होतो. म्हणून ‘सहज अनुभव घेऊन बघू’ अशा वृत्तीने, आजारातून नुकते उठून किंवा रात्रभर जागून तेथे जाऊ नये. आणि जो येथे उतरत नाही, त्याने स्वतःला कमी लेखू नये. त्याला स्थलसेना खुली असते, नौसेनेच्या इतर शाखा असतात आणि हवाई दलाच्याच भूशाखाही असतात.

प्रशिक्षणाबद्दल आपल्या शहरात विस्ताराने सांगण्याची गरज नाही. आपल्या डोक्यावरून जी छोटी पिलाटस विमाने जातात, त्यांत आपल्या मुलांच्याच वयाचे कोणीतरी शिकत असते. दुंडिगलच्या हवाई दल प्रबोधिनीत १९७१ पासून वैमानिक घडत आहेत. अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंग या देशाच्या पहिल्या तीन महिला लढाऊ वैमानिकांनी १८ जून २०१६ रोजी तेथेच दीक्षा घेतली. अंतराळात जाणारे पहिले भारतीय राकेश शर्मा याच शहरात शिकले. मराठी नावेही या क्षेत्राला परकी नाहीत : मुळगावकर, टिपणीस, नाईक आणि मूळचे नांदेड जिल्ह्यातील चौधरी, असे चार हवाई दलप्रमुख आजवर झाले.

येथवर शक्यतेचा विचार झाला. आता इष्टतेचा.

पहिली गोष्ट, वैमानिक झाले म्हणजे लढाऊ विमान मिळालेच, असे नाही. प्रशिक्षणाच्या टप्प्यावर लढाऊ, मालवाहू आणि हेलिकॉप्टर अशी वाटणी होते. तीत आवडीला स्थान असते. पण कौशल्य आणि दलाची गरज यांचे वजन अधिक असते. मला हेलिकॉप्टर मिळाले. त्या दिवशी मी खट्टू झालो होतो. पुढे सियाचीनवर चीता हेलिकॉप्टरमधून रॉकेलचे डबे, टपाल आणि आजारी जवान यांची ने-आण करताना मला माझे काम सापडले. तेथील हवा इतकी विरळ असते, की दहा-वीस किलो वजनाचाही हिशेब करावा लागतो आणि उतरल्यावर इंजिन बंद न करता माणूस आत घ्यावा लागतो. ज्याला फक्त वेगाचे आकर्षण आहे, त्याने अर्ज भरण्यापूर्वी स्वतःला विचारावे : मला लढाऊ विमान मिळाले नाही, तरीही मी या सेवेत आनंदाने राहीन का?

दुसरी गोष्ट सेवेच्या मुदतीची. एनडीएतून गेलेल्याला कायम स्वरूपाची सेवा मिळते. एएफकॅटमधून उड्डाण शाखेत अल्पमुदतीची नेमणूक मिळते, ती चौदा वर्षांची असते आणि तिला निवृत्तिवेतन नसते. म्हणजे सदतीस-अडतीसच्या सुमारास, मुले शाळेत असताना, दुसरी वाट धरावी लागते. हा दोष नव्हे. अनेकांनी त्यानंतर नागरी विमानसेवेत किंवा व्यवस्थापनात चांगला जम बसवला आहे. पण ही अट सही करण्यापूर्वी वाचायची असते.

तिसरी गोष्ट पैशाची. नागरी वैमानिकाचा परवाना मिळवण्यासाठी किमान २०० तासांचे उड्डाण लागते आणि त्याचा खर्च लाखोंच्या घरात जातो. त्यासाठी घर गहाण ठेवणारे पालक मला भेटले आहेत. सैन्यदलाचे प्रशिक्षण शासन देते, उलट दुंडिगलच्या काळात दरमहा ५६,१०० रुपये विद्यावेतन मिळते. परंतु केवळ खर्च वाचतो म्हणून या वाटेने येऊ नये. नागरी वैमानिक प्रवाशांची सेवा करतो, तीही मोलाचीच. फरक एवढाच, की त्याला वाईट हवेत उड्डाण नाकारता येते. सैनिकी वैमानिकाला पुष्कळदा ते नाकारता येत नाही.

यातूनच चौथी आणि अवघड गोष्ट येते, ती धोक्याची. या व्यवसायात माणसे जातात, युद्धात आणि शांततेतही. माझ्या ओळखीचे काही परतले नाहीत. पालकांना ‘काळजी करू नका’ असे मी कधीच सांगत नाही, कारण ते खरे नसते. मी एवढेच सांगतो, की धोक्याची बेरीज-वजाबाकी मुलाला मोकळेपणाने करू द्या. आईच्या रडण्यामुळे माघार घेतलेला मुलगा आणि वडिलांच्या हट्टामुळे पुढे गेलेला मुलगा, दोघेही पुढे आईवडिलांना मनात दोष देत राहतात.

आणि निवड झाली नाही तर? अब्दुल कलामांना वैमानिक व्हायचे होते. डेहराडूनच्या निवडीत पंचवीस जणांत त्यांचा क्रमांक नववा लागला. जागा आठ होत्या. ते निराश होऊन हृषीकेशला गेले आणि नंतर दिल्लीला येऊन त्यांनी तांत्रिक खात्यातील नोकरी पत्करली. पुढे आपल्याच हैदराबादेत त्यांनी क्षेपणास्त्रांचे जे काम उभे केले, ते आपण जाणतो. जून २००६ मध्ये, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, राष्ट्रपती म्हणून पुण्याच्या लोहगाव तळावरून ते सुखोई विमानातून उडाले. विमानांवर खरे प्रेम असेल, तर अभियंता, हवाई वाहतूक नियंत्रक, हवामानतज्ज्ञ असे पुष्कळ मार्ग त्यांच्याजवळ जातात. म्हणून अर्ज भरतानाच दुसरी पसंती लिहून ठेवावी, आणि ती मनापासून आवडेल अशी असावी.

एक शेवटचे नाव. ग्रुप कॅप्टन वरुण सिंग यांनी ऑक्टोबर २०२० मध्ये आकाशात बिघडलेले तेजस विमान सुखरूप उतरवले आणि त्यांना शौर्यचक्र मिळाले. त्यानंतर त्यांनी आपल्या जुन्या शाळेच्या प्राचार्यांना पत्र लिहिले. त्यात पराक्रमाचे वर्णन थोडे होते. आपण शाळेत सामान्य विद्यार्थी होतो, सामान्य असणे हा अपराध नाही, ज्यात मन रमेल ते काम जीव ओतून करावे, असा त्यातील आशय होता. त्याच वर्षी, डिसेंबर २०२१ मध्ये, कुन्नूरजवळच्या हेलिकॉप्टर अपघातातील जखमांनी त्यांचे निधन झाले. आपल्या वर्गांतील मधल्या बाकांवरच्या मुलांना हे पत्र शिक्षकांनी जरूर वाचून दाखवावे.

हीरक महोत्सवी समितीकडे माझे एक मागणे आहे. दरवर्षी आठवीच्या सर्व विद्यार्थ्यांची दृष्टी व रंगदृष्टी तपासावी, आणि दहावीचा निकाल लागण्यापूर्वी एक दिवस पालकांना विषयनिवडीचे परिणाम समजावून सांगावेत. त्या दिवशी मी स्वतः येईन. या शहरात माझ्यासारखे निवृत्त अधिकारी आणखी आहेत, त्यांनाही घेऊन येईन. साठ वर्षांत या शाळेने आम्हाला पुष्कळ दिले. त्याची थोडी परतफेड आमच्या हातून व्हावी, एवढीच इच्छा आहे.