जुनी गाडी पारखून घेताना



कापूस विकला गेला, केळीचा हिशेब हाती आला, की आपल्या खानदेशातल्या घराघरांत एक विषय हमखास निघतो. कानबाईला सगळ्यांनी गावी जायचे असते, वणीच्या सप्तशृंगीला एकदा म्हाताऱ्या आईला न्यायचे असते, लग्नसराईत एरंडोलहून शिरपूर गाठायचे असते. मोटारसायकलवर दोघे बसतात, फार तर कडेवरचे पोर. मग कोणीतरी म्हणते, "दादा, सगळे एकदम मावतील अशी एखादी गाडी घेऊ या का?" नवी गाडी आवाक्याबाहेर असते. म्हणून जुनी पाहू, असे ठरते. चाळीसगाव-पाचोऱ्याकडून रोज दूरच्या शाळेत जाणाऱ्या शिक्षक मंडळींतही हाच विचार चालतो.

मी काही मोटारीचा मिस्त्री नव्हे, महाविद्यालयात शिकवणारा माणूस. परंतु जुनी गाडी घेणे हा नुसता यंत्राचा प्रश्न नाही. तो पैशाचा आहे, कागदाचा आहे आणि गाडीत बसणाऱ्या माणसांच्या जिवाचाही आहे. म्हणून आज या विषयावर आपल्याशी चार शब्द बोलणार आहे.

आपल्या बाजारात सात-आठ माणसांच्या जुन्या गाड्या ठरलेल्याच दिसतात. मारुतीची व्हॅन १९८४ साली आली. पुढे तिचे नाव ओम्नी झाले आणि २०१९ साली ती बनणे थांबले. तिचे इंजिन ७९६ सीसीचे. तिची थोरली बहीण ईको २०१० साली आली, तिचे इंजिन सुमारे १२०० सीसीचे. अर्टिगा २०१२ची. टव्हेरा २००४ साली आली आणि २०१७ साली तिच्या कंपनीने भारतातली विक्रीच बंद केली. इनोव्हा २००५ची, पण ती जुनी झाली तरी भाव धरून असते.

आता पहिला प्रश्न सगळे हाच विचारतात, "सर, यातली भरवशाची कोणती?" प्रश्न साधा वाटतो, पण तो अर्धाच आहे. असे पाहा, सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घ्यायला गेलेला माणूस नुसती जात विचारून पैसे मोजतो का? बैलबाजारात आपण बैलाचे दात पाहतो. दोन दाती आहे, चार दाती आहे की जुळलेला आहे, ते बघतो. खांदा सुजला आहे का, खूर कसे आहेत, हे पाहून मग त्याला चालवून बघतो. जात चांगली असली तरी उपाशी ठेवलेला, मारून राबवलेला बैल आपण घेत नाही. गाडीचेही तसेच आहे. एकाच कारखान्यातून एकाच दिवशी निघालेल्या दोन व्हॅन. एक घरच्या माणसाने जपून चालवली, दुसरी पंधरा-पंधरा माणसे कोंबून वडाप म्हणून राबली. दहा वर्षांनी त्या दोघींत नावापलीकडे काहीही सारखे उरत नाही. तेव्हा भरवसा कंपनीच्या नावावर टाकू नका, समोर उभ्या असलेल्या त्या एका गाडीवर तो ठेवता येतो का, ते तपासा.

दलाल म्हणेल, "भाऊ, गाडी एक नंबर शे! डॉक्टरनी गाडी शे!" ऐकून घ्यावे, हसावे, आणि आपले काम सुरू करावे.

आधी गाडीचे दात पाहू. आरसी बुकात नोंदणीची तारीख असते, तयार झाल्याचा महिना आणि वर्षही असते. दोन्ही वाचा. किलोमीटरच्या काट्यावर विश्वास ठेवू नका, तो मागे फिरवता येतो. त्याऐवजी क्लचच्या पायटीचे रबर पाहा. स्टिअरिंग गुळगुळीत झाले आहे का, चालकाची गादी बसली आहे का, ते पाहा. काटा चाळीस हजार म्हणतो आणि पायटीचे रबर झिजून लोखंड दिसते, तर लोखंडाचे खरे माना. टायरवर चार आकडे कोरलेले असतात. २३१९ असे असेल तर टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी शाबूत दिसली तरी जुने रबर आपल्याकडच्या उन्हात तडकते.

गाडी पाहायला सकाळी जा, आणि इंजिन आधीच तापवून ठेवू नका असे मालकाला बजावून ठेवा. ओम्नी आणि ईको या दोघींचे इंजिन पुढच्या बैठकीखाली असते, तेव्हा गादी उचलूनच पाहावे लागते. थंड इंजिन किती प्रयत्नांत सुरू होते ते पाहा. मग मागे उभे राहून धूर पाहा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळते आहे. काळा धूर म्हणजे इंधन नीट जळत नाही. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल, तर थंडाव्याचे पाणी आत शिरत असण्याची शंका घ्या. ऑइलची पट्टी काढल्यावर ऑइल दुधाळ दिसले, तर तिथूनच रामराम करा.

आपल्याकडच्या उन्हाळ्याची परीक्षा वेगळी. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा पंचेचाळिसाच्या घरात जातो. पुण्या-नाशिकच्या हवेत ठीक चाललेली गाडी इथे उकळी फोडते. म्हणून भर दुपारी गाडी एका जागी उभी करून, इंजिन आणि एसी चालू ठेवून पंधरा मिनिटे थांबा. तापमानाचा काटा वर चढत गेला, तर रेडिएटर, पंखा किंवा पाण्याचा पंप यांत खोट आहे.

त्यानंतर चालवून पाहा, पण एकट्याने नको. घरची सहा माणसे बसवा. एका माणसाला बसवून घेतलेली परीक्षा म्हणजे रिकाम्या बैलगाडीची परीक्षा. धुळ्याकडचे असाल तर लळिंगच्या घाटात न्या, चाळीसगावचे असाल तर कन्नडच्या घाटाकडे. चढावर क्लच घसरतो का ते कळते, उतारावर ब्रेकचे खरे रूप दिसते. ब्रेक दाबताच गाडी एका बाजूला ओढते का? पायटी खाली खाली जाते का? उतारावर नुसत्या हातब्रेकवर ती उभी राहते का? व्हॅनला इंजिनची ताकद मागच्या चाकांना लांब दांड्याने पोचवली जाते, म्हणून गिअर टाकताना खालून "टक्" असा आवाज आला तर तो सांधा मिस्त्रीला दाखवा.

पाण्यात बुडालेली गाडी हा आणखी एक धोका. २०२१च्या ऑगस्टअखेरीस तितूर आणि डोंगरी नद्यांच्या पुराचे पाणी चाळीसगावात शिरले, ते आपल्याला आठवत असेल. मोठ्या शहरांतही पूर येतात, आणि तिथे भिजलेल्या गाड्या पुसून, रंगवून दूरच्या बाजारात येतात. सतरंजी उचलून खाली गाळ आहे का पाहा, बैठकीच्या रुळांना गंज आहे का पाहा, कुबट वास येतो का ते हुंगा. यात लाज कसली? धान्य घेतानाही आपण मूठभर नाकाशी नेतोच.

श्रोतेहो, एवढे दोष सांगितल्यावर आपण म्हणाल, मग जुनी गाडी घ्यायचीच नाही की काय? तसे नाही. दोष दोन जातींचे असतात. एक, वाटेत थांबवणारे: बॅटरी उतरली, सेल्फ अडला, एसी बंद पडला. यांनी खोळंबा होतो, खर्च होतो, पण हे दुरुस्त होतात आणि त्यांची किंमत भावातून वजा करता येते. दुसरे, माणूस मारणारे: ब्रेक, स्टिअरिंग, तडकलेले टायर, अपघातात वाकून ठोकून सरळ केलेला सांगाडा आणि गॅस. यांच्याशी घासाघीस नाही. दहा हजार कमी करतो म्हणाला, म्हणून वाकलेल्या सांगाड्याची गाडी घेऊ नये.

गॅसबद्दल थोडे थांबून सांगतो. सीएनजीची टाकी असेल तर तिची नोंद आरसीत हवी आणि दर तीन वर्षांनी होणाऱ्या दाबाच्या तपासणीचा दाखला हवा. आणि स्वयंपाकाच्या सिलिंडरमधून गाडीत गॅस भरण्याचा जो चोरटा धंदा चालतो, त्याच्या वाऱ्यालाही उभे राहू नका. नोव्हेंबर २०२४मध्ये जळगाव शहरात असा गॅस भरताना स्फोट झाला. माणसे भाजली, त्यांतली काही दगावली. लिटरमागे चार पैसे वाचवण्यासाठी ही किंमत!

सुरक्षेची एक तारीखही लक्षात ठेवा. १ जुलै २०१९ पासून नव्या गाडीत चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली. त्याआधीच्या पुष्कळ व्हॅनमध्ये ती नाही. २०१६ साली ग्लोबल एनकॅप या संस्थेने एअरबॅग नसलेली ईको धडकवून पाहिली, तेव्हा मोठ्यांच्या सुरक्षेसाठी तिला शून्य तारे मिळाले. दोन गाड्या भावात जवळ असतील, तर एअरबॅग असलेलीच घ्या. गाडी जुनी असेल तर पेट्रोलच्या रबरी नळ्याही तपासा. अलीकडे पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते आणि जुन्या नळ्या त्यासाठी बनवलेल्या नसतात.

आता कागद. शेत घेताना आपण सातबारा पाहतो, बोजा आहे का पाहतो, फेरफार होईपर्यंत स्वस्थ बसत नाही. मग तीन लाखांची गाडी कोऱ्या कागदावरच्या सहीने का घ्यावी? आरसी म्हणजे गाडीचा सातबारा. परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर किंवा मोबाइलवर गाडीचा क्रमांक घालून विमा, कर्जाचा बोजा आणि थकलेली चलाने पाहता येतात. चासी आणि इंजिनचे क्रमांक प्रत्यक्ष ताडून पाहा. बोजा असेल तर बँकेचा दाखला आणि ३५ क्रमांकाचा अर्ज हवा. नाव बदलण्यासाठी २९ आणि ३० क्रमांकाचे अर्ज लागतात. घेणाऱ्याने ३० दिवसांत नोंद करून घ्यायची असते. विमा आपल्या नावावर करण्यासाठी १४ दिवसांत कंपनीला कळवावे लागते. ते राहिले आणि गाडी ठोकली गेली, तर आपल्या नुकसानीची भरपाई अडते.

विकणाऱ्यानेही हे ऐकावे. २०१८च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात सांगितले, की नोंदणी ज्याच्या नावावर, अपघाताच्या भरपाईसाठी मालक तोच. त्या प्रकरणात गाडी हातोहात पुढे विकली गेली होती, पण आरसीवर पहिल्याचेच नाव राहिले होते. गाडी कधीच गेली, पैसे खर्चून झाले, आणि भरपाईची नोटीस मात्र दारात! तेव्हा "नंतर करू नावावर" हे वाक्य दोघांनीही विसरावे. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यानेही आरटीओकडून अधिकारपत्र घेणे आवश्यक झाले आहे. ते दाखवा म्हणावे.

पंधरा वर्षांची मर्यादाही मोजा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे तपासणी करून पाच पाच वर्षांनी वाढते. १ एप्रिल २०२२ पासून या नूतनीकरणाची फी सहाशेवरून पाच हजार रुपये झाली, आणि महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा. चौदा वर्षांची गाडी स्वस्त दिसते, ती यामुळेही. दिल्लीकडून आलेली गाडी आणखी स्वस्त दिसते. तिकडे जुन्या गाड्यांवर निर्बंध आले, म्हणून त्या बाहेर पडल्या. पण तिला तिथल्या कार्यालयाचा ना-हरकत दाखला लागतो आणि आपल्या राज्याचा कर पुन्हा भरावा लागतो. तो धरून भाव काढा.

शिक्षक बंधूंना एक विनंती. खासगी नोंदणीची गाडी घेऊन भाड्याने शाळेची मुले ने-आण करण्याचा मोह अनेकांना होतो. ते कायद्यात बसत नाही, आणि उद्या काही घडले तर विमा कंपनी हात वर करते. मुलांच्या बाबतीत हा जुगार खेळू नये.

शेवटी हिशेब. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, म्हणून जुनीचा भाव ठरवण्याआधी नवीचा आजचा भाव शोरूममध्ये विचारून या. समजा, जुनी गाडी अडीच लाखांना ठरली. मग जवळ अडीच लाखच असतील तर ती आपल्याला परवडत नाही, असे समजा. टायर, बॅटरी, ब्रेक, विमा, नावाचा खर्च यांसाठी निदान चाळीस हजार वेगळे हवेत. आणि वर्षातून दहा वेळाच गाडी लागणार असेल, तर दर खेपेला चार हजार भाडे धरले तरी चाळीस हजारच होतात. तेवढे तर घरची गाडी विमा, दुरुस्ती आणि उतरत्या किमतीत सहज खाते. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. आपले आकडे घालून पाटीवर एकदा मांडून पाहा. मुलांनाच मांडायला सांगा, त्यांचेही गणित होईल.

आपला ओळखीचा मिस्त्री सोबत न्या, त्याची दिवसाची मजुरी खुशीने द्या, आणि तो दलालाचा माणूस नाही याची खात्री करा. त्याला एवढेच विचारा, "हिचे सामान धुळ्यात, जळगावात मिळते का? ही तू दुरुस्त करशील का?" ज्या गाडीचा सुटा भाग मुंबईहून मागवावा लागतो, ती कितीही नावाजलेली असली तरी आपल्या गावात भरवशाची नव्हे.

आणि मन साशंक असेल तर इसार देऊ नका. बाजारात दुसरी गाडी मिळते. चार गाड्या नाकारून पाचवी घेणाऱ्याला लोक चिकित्सक म्हणतील, म्हणू द्यात. त्या गाडीत दलाल बसणार नाही, आपली आई आणि आपली मुले बसणार आहेत.