प्रिंट निघत नाही? फॉरमॅट मारायच्या आधी हे ऐका

आजचा भाग ऐकताना बऱ्याच मेनूंची नावं येणार आहेत. ती लक्षात ठेवायचा ताण नको म्हणून हा सगळा मजकूर इथे लिहून देतोय. कॉम्प्युटरसमोर बसाल तेव्हा फोनवर उघडून ठेवा.

विषय आहे प्रिंटर. तोही जुन्या कॉम्प्युटरला, म्हणजे विंडोज सेव्हनवर किंवा अगदी एक्सपीवर चालणाऱ्या मशीनला जोडलेला. तुम्ही म्हणाल, अरे, २०१४ साली एक्सपीचा सपोर्ट बंद झाला, १४ जानेवारी २०२० ला सेव्हनचा. आता कोण वापरतं हे? तर पुण्यातच वापरतात. अप्पा बळवंत चौकाच्या गल्ल्यांमध्ये जा, शिवाजीनगर कोर्टाच्या आजूबाजूला टायपिंग करून देणारे बसतात तिकडे जा. तुमचा भाडेकरार, प्रतिज्ञापत्र, ताईच्या लग्नाची पत्रिका अशाच एखाद्या मशीनवरून निघालेली असू शकते.

आणि हे लोक कंजूष आहेत म्हणून जुनं वापरतात असं नाही. युनिकोड सगळीकडे रुळायच्या आधी मराठी डीटीपी चालायचं ते श्रीलिपी, आयएसएम अशा सॉफ्टवेअरवर. श्रीलिपी पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं, आयएसएम पुण्याच्याच सी-डॅकचं. अशा सॉफ्टवेअरच्या काही आवृत्त्यांना हार्डवेअर लॉक लागायचं, ज्याला सगळे डोंगल म्हणतात. वीस वर्षांच्या फाइली त्या फॉन्टमध्ये अडकलेल्या. म्हणजे तो कॉम्प्युटर म्हणजेच दुकान. तो फॉरमॅट झाला आणि सॉफ्टवेअर परत बसलं नाही, तर दुकानाचं शटर खाली.

गेल्या वर्षी मित्राच्या काकांकडे असंच झालं. त्यांचं टायपिंगचं दुकान आहे. प्रिंट दिली की यादीत दिसायची, कागद मात्र हलत नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी एका आजींचं प्रतिज्ञापत्र कोर्टात जायचं होतं. फोनवर एका रिपेअरवाल्याने सांगितलं, "काका, विंडोज करप्ट झालंय. फॉरमॅट मारावं लागेल." काका मला म्हणाले, "अरे, फॉरमॅट मारला तर माझे सगळे मसुदे गेले. तू एकदा बघतोस का?"

बघितलं. पंचवीस मिनिटांत प्रिंट निघाली, विंडोजला हातही न लावता. त्यात जादू काही नव्हती. एक क्रम होता, तोच आज सांगतो.

आधी हे समजून घ्या की तुम्ही 'प्रिंट' दाबता आणि कागद बाहेर येतो, यामध्ये चार टप्पे असतात. पहिला ड्रायव्हर, जो तुमचं पान प्रिंटरच्या भाषेत बदलतो. दुसरा स्पूलर, म्हणजे विंडोजचा टोकन देणारा माणूस, सगळ्या प्रिंट रांगेत उभ्या करतो. तिसरा पोर्ट, म्हणजे कुठल्या दारातून पाठवायचं ते. आणि चौथा खुद्द प्रिंटर. चारपैकी एकच कुठेतरी अडलेलं असतं. फॉरमॅट मारणं म्हणजे एक नळ गळतोय म्हणून अख्खी बिल्डिंग पाडणं. आपण शेवटच्या टोकापासून मागे येऊया.

एक. प्रिंटर ठीक आहे का? कॉम्प्युटरची केबल काढा आणि प्रिंटरला एकट्याने छापायला सांगा. बऱ्याच डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर लाइन फीडचं बटण दाबून ठेवून स्विच ऑन केला की तो स्वतःच अक्षरं छापायला लागतो. लेझर प्रिंटरची पद्धत मॉडेलनुसार वेगळी, ती त्याच्या पुस्तिकेत असते. हे टेस्ट पान नीट आलं तर टोनर, रिबन, रोलर यांना दोष देणं बंद करा. त्यावर पैसे घालवू नका.

इथेच कागदाचा आकारही बघा. लाइट नुसता लुकलुकतोय, प्रिंटर कागद मागतोय, आणि ट्रे तर भरलेला आहे? बऱ्याचदा ड्रायव्हरमध्ये 'लेटर' साइज निवडलेली असते आणि ट्रेमध्ये ए-फोर. कोर्टाच्या कामात लीगल आणि ए-फोरची अदलाबदल होते. प्रिंटर त्या साइजच्या कागदाची वाट बघत बसतो.

दोन. पोर्ट. काकांच्या दुकानातला अर्धा गोंधळ इथे होता. साफसफाई करताना कोणीतरी यूएसबी केबल काढून शेजारच्या खाचेत लावली. विंडोज सेव्हनला अशा वेळी वाटू शकतं की हा नवीनच प्रिंटर आला. मग तो त्याच नावाचा दुसरा प्रिंटर तयार करतो आणि नावापुढे 'कॉपी वन' लावतो. जुनं नाव ऑफलाइन पडतं, आणि तुमच्या सगळ्या प्रिंट जुन्याच नावाकडे जात राहतात.

कसं तपासायचं? स्टार्ट, मग डिव्हायसेस अँड प्रिंटर्स. एक्सपीवर याला प्रिंटर्स अँड फॅक्सेस म्हणतात. टिक कोणावर आहे ते बघा, तो डिफॉल्ट. कधी कधी ती टिक 'एक्सपीएस डॉक्युमेंट रायटर' नावाच्या गोष्टीवर असते. तो खरा प्रिंटर नाहीच, तो फाइल बनवतो. प्रिंट दिल्यावर कॉम्प्युटर फाइलचं नाव विचारत असेल तर समजा हाच प्रकार. आपल्या खऱ्या प्रिंटरवर राइट क्लिक करून त्याला डिफॉल्ट करा. मग प्रिंटर प्रॉपर्टीजमध्ये पोर्ट्सचा टॅब उघडा. केबल जुन्या खाचेत परत लावा, नाहीतर यादीतला नवीन यूएसबी पोर्ट निवडा. जुना डॉट मॅट्रिक्स यूएसबी कन्व्हर्टर केबलने जोडला असेल तर तो साधारणपणे एलपीटी वनवर सापडत नाही, यूएसबीच्या नावाखाली असतो. इथे खूप लोक फसतात.

आणि प्रिंटरच्या रांगेची खिडकी उघडून वरच्या प्रिंटर मेनूत 'यूज प्रिंटर ऑफलाइन' आणि 'पॉज प्रिंटिंग' यावर टिक नाही ना, ते बघा. असेल तर काढा.

तीन. स्पूलर. उरलेला अर्धा गोंधळ इथे होता. रांगेतली पहिली प्रिंट अडकली होती. डिलीट केलं तरी 'डिलीटिंग' असं लिहून तशीच. कॉम्प्युटर बंद करून चालू केला तरी तीच समोर. असं का होतं? कारण ही रांग डिस्कवर साठवलेली असते. प्रत्येक प्रिंटच्या साधारणपणे दोन फाइली बनतात. एकात छापायचा मजकूर, दुसऱ्यात कोणी पाठवलं, कुठल्या प्रिंटरला, अशी माहिती. रीस्टार्ट केल्यावर स्पूलर त्या फाइली पुन्हा वाचतो आणि परत तिथेच अडकतो.

उपाय असा. स्टार्टमधल्या सर्चमध्ये 'सर्व्हिसेस' टाइप करून ती खिडकी उघडा. एक्सपीवर कंट्रोल पॅनलमध्ये ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टूल्सच्या खाली सापडेल. यादीत प्रिंट स्पूलर शोधा आणि स्टॉप करा. आता सी ड्राइव्ह, विंडोज, सिस्टिम थर्टी टू, स्पूल, आणि त्यात प्रिंटर्स नावाचा फोल्डर. त्याच्या आतल्या फाइली डिलीट करा. फोल्डर नाही, फक्त आतल्या फाइली. आणि शेजारी ड्रायव्हर्स नावाचा फोल्डर दिसेल, त्याला बोटही लावू नका. मग परत येऊन स्पूलर स्टार्ट करा. रांग रिकामी होते. काकांची प्रिंट इथेच सुटली. या फाइली पुसल्याने मूळ डॉक्युमेंट जात नाही, फक्त प्रिंट पुन्हा द्यावी लागते.

चार. ड्रायव्हर. वरचं सगळं ठीक असेल तरच इकडे या. आधी कॉम्प्युटरच्या प्रॉपर्टीजमध्ये सिस्टिम टाइप बघा, बत्तीस बिट की चौसष्ट. चुकीच्या बिटचा ड्रायव्हर बसत नाही. ड्रायव्हर कंपनीच्या अधिकृत साइटवरूनच घ्या, 'फ्री ड्रायव्हर डाउनलोड' म्हणणाऱ्या भलत्या साइटवरून नको.

आणखी एक. मोठ्या ऑफिस प्रिंटरना पीसीएल किंवा पोस्टस्क्रिप्ट या सर्वसाधारण भाषा येतात, त्यामुळे दुसरा युनिव्हर्सल ड्रायव्हरही चालून जातो. पण आपल्याकडे दुकानादुकानात दिसणारे छोटे लेझर, उदाहरणार्थ एचपीचा १०२० किंवा कॅननचा एलबीपी २९००, हे पान तयार करायचं काम कॉम्प्युटरवर सोडतात. त्यांना त्यांचाच ड्रायव्हर लागतो. तो ज्या विंडोजसाठी आहे तिथेच ते चालणार.

ड्रायव्हर कंपनीच्या हातात असणं हे जुनं दुखणं आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेत एमआयटीच्या लॅबमध्ये रिचर्ड स्टॉलमन नावाचा प्रोग्रामर होता. लॅबमधल्या आधीच्या प्रिंटरच्या प्रोग्रामात त्याने बदल केला होता, म्हणजे कागद अडकला की वाट बघणाऱ्यांना निरोप जायचा. मग झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर आला, पण त्याचा सोर्स कोड मिळेना. तो राग त्याच्या डोक्यात राहिला. १९८३ मध्ये त्याने ग्नू प्रकल्प जाहीर केला आणि मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ उभी राहिली. तुमच्या अँड्रॉइड फोनच्या आत जे लिनक्स कर्नल आहे, ते त्याच चळवळीच्या लायसन्सखाली आहे.

आता खास मराठी अडचण. स्क्रीनवर मराठी दिसतंय, कागदावर मात्र इंग्रजी अक्षरांची खिचडी. जुन्या फॉन्टमध्ये आतून कोड इंग्रजी अक्षरांचेच असतात, वर मराठीचा चेहरा लावलेला असतो. प्रिंटरने स्वतःचा फॉन्ट वापरला की तो चेहरा उतरतो. अशा वेळी पीडीएफ करा, ॲडोब रीडरमध्ये प्रिंट, मग ॲडव्हान्स्ड, आणि 'प्रिंट ॲज इमेज'वर टिक. पान चित्र म्हणून जातं आणि मराठी शाबूत राहतं. डॉट मॅट्रिक्सला 'जेनेरिक टेक्स्ट ओन्ली' ड्रायव्हर लावला असेल तर तो बदला, त्यातून मराठी कधीच येणार नाही. पण स्क्रीनवरच खिचडी दिसत असेल, तर प्रिंटर निर्दोष आहे. त्या मशीनवर तो फॉन्टच नाही.

एक सावधगिरी. २०२१ मध्ये याच स्पूलरमध्ये 'प्रिंटनाइटमेअर' नावाची गंभीर सुरक्षा त्रुटी सापडली. इतकी गंभीर, की सपोर्ट संपलेला असूनही मायक्रोसॉफ्टने सेव्हनसाठी दुरुस्ती दिली. क्रोमही २०२३ पासून सेव्हनवर अपडेट होत नाही. म्हणून जुन्या मशीनवर इंटरनेट शक्यतो लावूच नका. व्हॉट्सॲपवर आलेली फाइल नव्या कॉम्प्युटरवर घ्या, स्कॅन करा, मग पेन ड्राइव्हने न्या.

शेवटी, तुमच्या फोनचं काम. घरी किंवा दुकानात असं मशीन असेल तर आज, सगळं चालू असतानाच, प्रिंटर प्रॉपर्टीजच्या प्रत्येक टॅबचे फोटो काढून ठेवा. ड्रायव्हरचं नाव, पोर्ट, कागदाची साइज. ड्रायव्हरची सीडी पेन ड्राइव्हवर कॉपी करा. विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरची आणि सगळ्या डॉक्युमेंटची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या. डोंगल कुठे लावलंय तेही फोटोत येऊ द्या. अर्ध्या तासाचं काम आहे. उद्या हार्ड डिस्क खरंच गेली, तर नवीन माणसाला शून्यापासून शोधावं लागणार नाही.

आणि कोणी "फॉरमॅट मारावं लागेल" म्हणालं, तर एवढंच विचारा: "चारपैकी कुठे अडलंय?" उत्तर आलं नाही, तर स्क्रूड्रायव्हर परत ठेवायला सांगा.

तुमच्याकडच्या मशीनचा वेगळा काही त्रास असेल तर व्हॉइस नोट पाठवा. प्रिंटरचं मॉडेल आणि विंडोज कुठलं, हे दोन सांगायला विसरू नका. भेटूया पुढच्या भागात!