रंगाऱ्याआधी मिस्त्री

रामाकोना, सौंसर, पांढुर्णा या आपल्या पट्ट्यात एखाद्या पडवीत ताडपत्रीखाली जुनी अँबेसेडर अजून उभी दिसते. संत्र्याचा हंगाम चांगला गेला की ती पूर्ण खोलायची, पत्रा ठोकून नवा रंग मारायचा, असा मालकाचा बेत असतो. त्यांना माझं सांगणं आहे, जरा थांबा. आधी अँबेसेडरच्या एका इंग्लिश नातलगाकडे बघा.

१९५५ साली इंग्लंडमध्ये एमजीए ही दोन माणसांची स्पोर्ट्स कार निघाली. इंजिन १४८९ सीसीचं. पुढे अँबेसेडरला १४८९ सीसीचं जे पेट्रोल इंजिन बसलं, ते त्याच घराण्यातलं. एमजीएला एसयूचे दोन कार्बोरेटर, आपल्या गाडीला एक. अशा स्पोर्ट्स कार जपणारे जाणकार मूळ रंग शक्यतो खरवडत नाहीत. गंज तेवढा थांबवतात आणि सगळी मेहनत ट्यूनिंगवर घेतात. कारखान्यातला रंग गाडीला एकदाच लागतो.

ट्यूनिंगला क्रम असतो. आधी टॅपेट, मग प्लग आणि पॉइंट, मग टायमिंग, आणि कार्बोरेटर सगळ्यात शेवटी. पुष्कळ जण पहिला हात कार्बोरेटरलाच घालतात आणि दोष भलतीकडेच राहतो. एसयूच्या डोक्यावरची टोपी फिरवून काढा. आतल्या दांड्याला थोडं तेल लागतं. ते आटलं की रेस देताच गाडी अडखळते. तेल घातलं की बहुतेक वेळा काम होतं, आणि लोक त्यासाठी इंजिन उतरवायला निघालेले असतात!

रबराच्या बाबतीत मात्र जुनं जपू नका. आजच्या पेट्रोलमधल्या इथेनॉलने जुने पाइप फुगतात, चिरतात, गळतात. ते बदला. ब्रेकची रबरं, होज आणि टायरही बदला. सिल्लेवानी घाट उतरताना तिथे हयगय चालत नाही.

कायदाही जपणुकीच्याच बाजूचा आहे. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद मिळते, पण ती मूळ रूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात फेरफार केलेला चालत नाही.

तुमच्या गावात पॉइंटची फट फिलर गेजने मोजणारा जुना मिस्त्री असेल, तर रंगाऱ्याआधी त्याला बोलवा. शेजारी एखादा शिकाऊ पोरगा उभा करा. आणि वडिलांच्या हातांनी गुळगुळीत झालेलं ते स्टिअरिंग तसंच राहू द्या.