उसावरील मावा आणि अंतराचे गणित

कसबा बावड्याच्या शिवारात, पंचगंगेच्या काठाने, एकाचा बांध संपतो तेथे दुसऱ्याचा ऊस सुरू होतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे वैभव. किडीच्या दृष्टीने मात्र अखंड राजमार्ग. २००२ साली सांगली जिल्ह्यात लोकरी माव्याचा प्रादुर्भाव झाला आणि तो कोल्हापूरसह पश्चिम महाराष्ट्रातील ऊसपट्ट्यात पसरला. पानांच्या खालच्या बाजूस कापसासारखे पांढरे थर, खालच्या पानांवर चिकटा आणि त्यावर काळी बुरशी, हे दृश्य ऊस उत्पादक विसरलेले नाहीत.

अशा प्रसाराचे गणित १९३७ मध्येच मांडले गेले होते. इंग्लंडमध्ये फिशर यांनी आणि रशियात कोल्मोगोरोव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते स्वतंत्रपणे सोडविले. वाढीचा दर आणि विखुरण्याचा दर यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ काढून त्याची दुप्पट केली की पुढे सरकणाऱ्या लाटेचा वेग मिळतो. मूळ प्रश्न आनुवंशिक गुणांचा होता. १९५१ मध्ये स्केलम यांनी ही विचारसरणी प्राण्यांच्या प्रसाराला लावली. यातील वर्गमूळ फार बोलके आहे. किडीची वाढ निम्म्यावर आणली, तरी लाट पूर्वीच्या सुमारे ७१ टक्के वेगाने येतच राहते. शिवाय हे सूत्र जवळजवळच्या हालचालींचे आहे. वाऱ्यावर उडणारा पंखधारी मावा आणि वैरणीसाठी गाडीतून जाणारे बाधित वाढे यांना ते लागू पडत नाही. तेथे प्रसार अधिक झपाट्याने होतो.

माव्याला डिफा आणि मायक्रोमस हे मित्रकीटक खातात. भक्ष्य व भक्षक यांचा हा खेळ हफेकर यांनी १९५८ मध्ये कॅलिफोर्नियात संत्र्यांवरील कोळ्यांवर तपासला. साध्या मांडणीत भक्षकाने सर्व भक्ष्य फस्त केले व तोही उपाशी मेला. अडथळे आणि अंतरे ठेवताच दोघेही दीर्घकाळ टिकले. सरसकट फवारणीने मावा तर मरतोच, पण त्याचा शत्रूही मरतो. उरलेला मावा मग निर्वेधपणे वाढतो.

ट्यूरिंग यांनी १९५२ मध्ये पेशीसमूहांबाबत असेच दाखविले: सावकाश पसरणारा प्रेरक आणि वेगाने पसरणारा रोधक यांच्यातून ठिपके व पट्टे आपोआप उमटू शकतात. शेतात रोधकाची जागा मित्रकीटक घेऊ शकतो.

किती एकर बाधित, एवढ्या आकड्याने हा हिशेब सुटत नाही. कोणत्या गटात, कोणत्या आठवड्यात मावा प्रथम दिसला आणि मित्रकीटक तेथे केव्हा पोचले, हे गावनकाशावर मांडावे लागते. शाळेतील मुलेही ते काम करू शकतील.